मध्ययुगीन इंग्रजी कवितेवर निबंध लिहायला शिकवणारा ऑनलाइन कोर्स: माझे अडीच स्टार

कोर्सचं नाव नाही लिहिणार, कारण या टाइपचे डझनभर आहेत आणि मी जे सांगतेय त्यातलं निम्मं बाकीच्यांनाही लागू पडेल. मला एमएला मध्ययुगीन इंग्रजी कवितेवर क्रिटिकल अ‍ॅनालिसिसचा मोठा निबंध होता, आमच्या वर्गात तो विषय दोन तासांत उरकलेला, आणि निबंध म्हणजे नक्की काय करायचं हेच कळत नव्हतं, म्हणून पैसे भरून टाकले. सहा आठवडे, पाच रेकॉर्डेड लेक्चर, एक टेम्पलेट, नमुना निबंधांची बँक, आणि मेन आकर्षण म्हणजे तुमच्या दोन ड्राफ्टवर खऱ्या माणसाचा फीडबॅक.

शेवटी निबंध बरा झाला. पण तो कोर्समुळे झाला का, तर अर्धवट हो.

कविता मी निवडली ती सर गवेन अँड द ग्रीन नाइट. चॉसर, त्या काळातला सगळ्यात प्रसिद्ध कवी, सगळेच घेतात म्हणून मुद्दाम नाही घेतला, थोडा माज होता, मान्य आहे. चौदाव्या शतकाच्या शेवटाकडची, २५३० ओळींची कविता, कवी कोण ते कुणालाच माहीत नाही, आणि आख्ख्या जगात तिची एकच हस्तलिखित प्रत आहे, ब्रिटिश लायब्ररीत. तिचा नंबर कॉटन नीरो ए टेन असा आहे कारण रॉबर्ट कॉटन नावाच्या संग्राहकाच्या कपाटांवर रोमन बादशहांचे पुतळे होते आणि ही वही नीरोच्या खालच्या कपाटात होती. १७३१ मध्ये त्या संग्रहाला आग लागली, बेवुल्फ या त्याहून जुन्या इंग्रजी महाकाव्याची प्रत कडेने होरपळली, ही वाचली. (हे निबंधात घालायचा मोह होतो. घालू नका. मी घातलं होतं, एक पानभर, आणि ते सगळं कापावं लागलं.)

गोष्ट थोडक्यात: आर्थर राजाच्या दरबारात एक हिरवा माणूस हिरव्या घोड्यावरून येतो, म्हणतो कुणीतरी माझ्यावर कुऱ्हाडीचा एक घाव घाला, एक वर्ष आणि एका दिवसानी मी तोच घाव परत देणार. दरबारातला सरदार गवेन त्याचं मुंडकं उडवतो, तो मुंडकं उचलून निघून जातो. मग वर्षाने गवेन त्याला शोधत जातो, वाटेत एका गढीत मुक्काम, तिथल्या मालकाशी करार की दिवसभरात ज्याला जे मिळेल ते संध्याकाळी एकमेकांना द्यायचं. मालक शिकारीला जातो, मालकीणबाई गवेनच्या खोलीत येतात. गवेन तिच्याकडून मिळालेले मुके इमानदारीत मालकाला परत देतो पण एक हिरवा पट्टा लपवतो, कारण तो बांधला की जीव जात नाही असं ती सांगते. तिथेच फसतो, कारण मालकच तो हिरवा माणूस निघतो. बास.

आता कोर्स.

पहिला आठवडा टेम्पलेटचा. प्रस्तावना, त्यात शेवटचं वाक्य थीसिस, म्हणजे निबंधाचा मुख्य दावा, मग तीन परिच्छेद, प्रत्येकात एक मुद्दा एक अवतरण एक स्पष्टीकरण, मग विरोधी मताचा एक परिच्छेद, मग निष्कर्ष. थीसिसचा तर फॉर्म्युलाच दिलाय, रिकाम्या जागा भरा टाइप: अमुक कवितेत कवी तमुक तंत्र वापरून ढमुक विषय मांडतो. मी भरल्या. "या कवितेत कवी प्रतीकं वापरून शौर्य आणि नैतिकता यांच्यातला संघर्ष मांडतो." वाचायला एकदम बरोबर वाटतं ना? आणि हेच वाक्य तुम्ही कुठल्याही मध्ययुगीन कवितेला लावू शकता, अगदी न वाचताही, हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. ज्याला काहीच माहीत नाही त्याला टेम्पलेट हातात मिळाल्यावर धीर येतो हे खरंय, कोरं पान बघून रडू येत नाही. पण हा साचा इतका घट्ट आहे की त्यात कविता शेवटी मावते कशी, तर मावत नाही, कापावी लागते.

लेक्चरांबद्दल घाईत सांगते कारण पाचातली तीन विसरण्यासारखी आहेत. एक सगळं पार्श्वभूमीवर, १३४८ चा प्लेग, १३८१ चा शेतकऱ्यांचा उठाव, चर्च, सरंजामशाही, स्लाइडवर स्लाइड. माहिती चुकीची नाहीये, पण गवेनमध्ये प्लेगचा उल्लेखही नाही, आणि लेक्चर असं सुचवतं की पहिला परिच्छेद या पार्श्वभूमीचा असावा. नसावा. ज्या पार्श्वभूमीमुळे कवितेतली एखादी ओळ वेगळी वाचावी लागत असेल तेवढीच घ्या.

चौथं लेक्चर मात्र, चॉसरवरचं, त्यासाठी पाचपैकी पाच. कॅन्टरबरी टेल्स म्हणजे यात्रेकरूंनी सांगितलेल्या गोष्टी, त्यांच्या जनरल प्रोलॉगवर, म्हणजे सुरुवातीला या यात्रेकरूंची ओळख करून देणाऱ्या भागावर आहे, आणि मॅडम आधी नुसतं वाचून दाखवतात, जुन्या उच्चारात, शेवटचा ए म्हणत, म्हणजे शूर्स सोत नाही तर शूरेस सोते. तो ए खाल्ला की ओळीचं वजन जातं आणि यमकही लंगडं होतं. हे मी पुस्तकात दहा वेळा वाचलेलं, कानावर पडल्यावर पाच मिनिटांत कळलं. मग त्या प्रायोरेसचं वर्णन घेतात. मठाची मुख्य, फ्रेंच बोलते पण ते लंडनजवळच्या स्ट्रॅटफर्डचं, पॅरिसचं फ्रेंच तिला ठाऊकच नाही. जेवताना ओठ असा पुसते की पेल्यात तेलकट डाग दिसायचा नाही. आणि चॉसर म्हणतो आता तिच्या कॉन्शन्सबद्दल, म्हणजे सदसद्विवेकाबद्दल बोलू. आपण सावरून बसतो, आता काहीतरी धार्मिक येणार, आणि येतं काय तर सापळ्यात अडकलेला उंदीर बघून ती रडते. आणि तिची कुत्री, ज्यांना भाजलेलं मांस आणि दूध आणि भारी पांढरा पाव मिळतो. गरीब माणूस त्या आख्ख्या वर्णनात एकही नाही. वाईट शब्द एक नाही, टोमणा एक नाही, उलट सगळं कौतुकच चाललंय, आणि तरी वाचून झाल्यावर बाईची पार शोभा झालेली असते. आपल्याकडच्या एखाद्या आत्याबाई नव्या सुनेचं कौतुक करतात ना, गोड गोड, ऐकणाऱ्याला मात्र सगळं समजतं, तसंच.

तिथून मॅडम जो मुद्दा काढतात तो खरा कामाचा: निबंधात "चॉसर म्हणतो" असं लिहिण्याआधी थांबा, कारण म्हणणारा चॉसर नाही, चॉसर नावाचाच एक भाबडा यात्रेकरू आहे. मंक साहेब मठाचे नियम धाब्यावर बसवून शिकारी करत फिरतात आणि हा यात्रेकरू म्हणतो, मी म्हणालो तुमचं मत बरोबर आहे. हे चॉसरचं मत धरून कुणी निबंध लिहिला तर संपलंच. आमच्या बॅचमध्ये दोघांनी लिहिला.

आता नमुना निबंधांची बँक. इथे माझा एक स्टार गेला. चाळीसेक निबंध आहेत, सगळे एका सुरात, "मध्ययुगीन लोक मानत असत की" अशी सुरुवात अर्ध्या निबंधांची, जणू काही तेव्हाचे सगळे लोक एकाच घरात राहत होते. गवेनवरच्या एका नमुन्यात लिहिलंय की बाई रोज तीन मुके देते. अहो नाही! पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, ती चढण हाच तर खेळ आहे, आणि तिकडे शिकारीत हरीण, रानडुक्कर, कोल्हा असा क्रम. तिसऱ्या दिवशी मुके सगळ्यात जास्त आणि मालकाची शिकार सगळ्यात फालतू, कोल्ह्याचं घाणेरडं कातडं, आणि त्याच दिवशी गवेन पट्टा लपवतो. "रोज तीन" म्हणलं की हे सगळं सपाट होतं. पिअर्स प्लाउमन या त्याच काळातल्या कवितेवरच्या नमुन्यात तर दोन वेगवेगळ्या पाठांतल्या ओळी एकाच ठिकाणी जोडल्यात. ती कविता ए, बी, सी अशा तीन रूपांत मिळते, तिचा कवी लँगलंड, त्याने ती परत परत लिहिली, कुठल्या रूपातली ओळ आहे हे सांगितल्याशिवाय अवतरणाला काही अर्थ राहत नाही.

पण सगळ्यात भारी गाढवपणा असा: एका निबंधात गवेनमधल्या अनुप्रासावर दीड पान आहे, अमुक ओळीत ग चा आवाज कसा कुऱ्हाडीसारखा आदळतो वगैरे, एकदम रंगून लिहिलंय, मी मूळ ओळ काढून बघितली तर तिथे तो आवाजच नाही. तो अनुवादकाचा आहे! आधुनिक इंग्रजीत आणताना अनुवादकाने अनुप्रास जुळवायला शब्द बदलले आणि आपल्या निबंधकाराने सहाशे वर्षांपूर्वीच्या कवीला त्याचं श्रेय देऊन टाकलं. हसू नका, माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्येही असं एक ठिकाण होतं.

पहिल्या ड्राफ्टचा फीडबॅक. ४८ तासांत म्हणले होते, पाचव्या दिवशी आला. समासात चौदा कॉमेंट, त्यातल्या नऊ "आणखी विस्तार करा". कशाचा? कुठे? एक कॉमेंट अशी की छंद आणि रचनेबद्दल वेगळा परिच्छेद करा. मी गुपचूप केला. बॉब अँड व्हील म्हणजे काय, तर लांब लांब अनुप्रासाच्या ओळी, मग एकदम दोन अक्षरांची एक टिचकी ओळ, तो बॉब, आणि मग चार छोट्या यमकाच्या ओळी, ते व्हील. झाला परिच्छेद. व्याख्या लिहिल्याचं समाधान, आणि कवितेशी संबंध शून्य.

दुसऱ्या ड्राफ्टला वाचणारं माणूस बदललं. आणि इथे मला मान्य करावंच लागेल की पैसे वसूल झाले ते इथे, पूर्ण कोर्सात इथेच. या बाईंनी, की बुवांनी, नाव नव्हतं, फक्त तीन कॉमेंट केल्या. पहिली, त्या बॉब अँड व्हीलच्या परिच्छेदाशेजारी: "हिरवा हा शब्द पहिल्यांदा कुठे येतो ते मूळात बघा." दुसरी, "निष्ठा हा विषय आहे असं तुम्ही म्हणता, कवितेत कुठला शब्द आहे?" तिसरी नुसती: "कोण म्हणतंय?"

पहिलीसाठी गेले मूळ संहितेत, ओळ १३६ पासून. दारातून तो राक्षसासारखा माणूस आत येतो. लांब ओळींमध्ये कवी त्याची उंची सांगतो, मान, कंबर, पाठ, छाती, पोट कसं सपाट, इतकं सगळं, एकदम देखणा गडी उभा करतो. मग बॉब, दोन अक्षरं. मग व्हील, लोक त्याच्या रंगाकडे बघून चकित झाले म्हणे, कसला रंग ते अजून नाही, आणि व्हीलच्या अगदी शेवटच्या ओळीत, शेवटचा शब्द: एंकर-ग्रेने. गच्च हिरवा. म्हणजे बघणाऱ्याला दारात पाऊल टाकल्या टाकल्या जे पहिलं दिसणार ते कवीने ऐकणाऱ्यापासून पंधरा ओळी दाबून ठेवलंय. आणि लक्षात घ्या की हस्तलिखितात कवितेला शीर्षकच नाहीये, नाव नंतरच्या लोकांनी दिलं. आपण "ग्रीन नाइट" वाचूनच आत शिरतो म्हणून आपल्याला धक्का बसत नाही. माझा अख्खा व्याख्येचा परिच्छेद उडाला आणि त्याजागी या पंधरा ओळींवर दीड पान आलं, आणि बॉब अँड व्हील म्हणजे काय हे त्यात आपोआप सांगून झालं.

दुसरी कॉमेंट जास्त त्रासदायक. निष्ठा निष्ठा मी लिहितेय, मूळात शब्द आहे ट्राउथे. अनुवादात कुठे ट्रुथ, कुठे फेथ, कुठे ऑनर, कुठे लॉयल्टी, प्रत्येक ठिकाणी वेगळा, त्यामुळे एकच शब्द परत परत येतोय हे अनुवादात दिसतच नाही. इथे कोर्सने जे सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही ते मी सांगते, फुकट: मिशिगन युनिव्हर्सिटीची मिडल इंग्लिश, म्हणजे त्या काळच्या इंग्रजीची, डिक्शनरी ऑनलाइन मोफत आहे. १९५२ ला तिचे भाग छापायला सुरुवात झाली आणि २००१ ला संपलं काम, जवळपास पन्नास वर्षं. तिथे शब्द टाकला की अर्थांची रांग आणि प्रत्येक अर्थाला त्या काळातली वाक्यं. चॉसरसाठी हार्वर्डच्या साइटवर ओळीखाली ओळ असा सोपा अर्थ मिळतो, आणि रॉचेस्टर युनिव्हर्सिटीकडची मिडल इंग्लिश टेक्स्ट सिरीज आहे, टिपांसकट, तीही मोफत. एवढं लेक्चर एकमध्ये सांगितलं असतं तर लोकांचे चार आठवडे वाचले असते, पण मग कोर्स कोण घेणार.

खरं सांगू, ट्राउथे कळायला मराठी माणसाला सोपा जायला हवा. आपल्याकडे हरिश्चंद्राने सत्य पाळलं म्हणतो तेव्हा सत्य म्हणजे फक्त खरं बोलणं नसतं, दिलेला शब्द, त्यासाठी घरदार गेलं तरी चालेल, ते सगळं त्यात येतं. ट्राउथेमध्येही खरेपणा आणि दिलेला शब्द दोन्ही एकत्र आहे, आजच्या इंग्रजीत ते वेगळं झालंय. आणि जुने शब्द ओळखीचे वाटतात तिथेच घात असतो. पसायदान आपण पाठ म्हणतो, "जो जे वांछील तो ते लाहो", पण त्यातला लाहो म्हणजे नक्की काय असं कुणी विचारलं की आपण एक सेकंद थांबतोच. इंग्रजीत तर आणखी वाईट, आजचा सिली तेव्हाचा सेली, म्हणजे भोळा, बिचारा, अगदी धन्य सुद्धा. प्रायोरेसचा कॉन्शन्स पण तसाच, तेव्हा त्यात हळवेपणाही येत होता, म्हणजे उंदराचा विनोद वाटला तेवढा सरळ नाही, चॉसर दोन्ही अर्थ एकाच वेळी खेळवतोय.

तर ट्राउथे. गवेनच्या ढालीवर पंचकोनी चांदणी आहे, ओळ ६१९ पासून पन्नासेक ओळी कवी गोष्ट थांबवून तीच समजावत बसतो, ही ट्राउथेची खूण, एका रेघेत काढलेली, कुठे सुरू कुठे संपते कळत नाही, न सुटणारी गाठ. आणि पट्टा? पट्टाही गाठच मारायची वस्तू, पण ती सुटते, परत बांधता येते. शेवटी गवेन परत येऊन दरबारात पट्टा दाखवतो आणि म्हणतो ही माझ्या अनट्राउथेची, म्हणजे ट्राउथे मोडल्याची, खूण. म्हणजे ढालीवरच्या खुणेला पट्ट्याच्या खुणेने कवितेनेच खोडलंय, मला बाहेरून "प्रतीकं" आणायची गरजच नव्हती.

मग तिसरी कॉमेंट, कोण म्हणतंय. अनट्राउथे हा शब्द गवेन स्वतःसाठी वापरतो. हिरवा नाइट, ज्याने तीन वेळा कुऱ्हाड उचलून शेवटी मानेवर नुसता ओरखडा दिला, तो काय म्हणतो? इथे तुझं लिटेल, थोडंसं, कमी पडलं, लेवटे कमी पडली, पण जीव प्यारा होता म्हणून, त्यामुळे तुला मी कमीच दोष देतो. लेवटे, म्हणजे इमान, फ्रेंचवरून आलेला दुसराच शब्द. आणि दरबार? दरबार हसतो आणि ठरवतो की आपण सगळेच हिरवा पट्टा घालायचा, फॅशन. एका चुकीचे तीन निकाल, तीन वेगळ्या तोंडून, आणि कवी स्वतः कुणाच्या बाजूने आहे ते सांगतच नाही. माझा थीसिस हाच झाला, की गवेन स्वतःला ज्या शब्दाने शिक्षा देतो तो शब्द त्याच्या चुकीसाठी दुसरं कुणीच वापरत नाही. टेम्पलेटच्या रिकाम्या जागांत हे बसत नाही, मी ट्राय केलं.

बसत नाही म्हणल्यावर शेवटच्या लाइव्ह कॉलवर, पंधरा मिनिटांचा असतो, तिथल्या सरांनी सांगितलं की विरोधी मताचा परिच्छेद कुठेय, आणि तीन निकालांपैकी कुठला बरोबर ते ठरवून टाका, परीक्षकाला ठाम मत आवडतं. मी म्हणलं सर, कविताच ठरवत नाहीये. ते म्हणाले मग निष्कर्षात ठरवा. मी नाही ठरवलं. उलट गवेनचा तो आचरटपणा आत घातला, पकडला गेल्यावर तो एकदम बायकांवर घसरतो, अ‍ॅडम सॉलोमन सॅमसन डेव्हिड सगळ्यांना बायकांनीच फसवलं म्हणे, म्हणजे हा स्वतःला कडक शिक्षा देणारा माणूस मध्येच दोष दुसरीकडे ढकलून बघतो. माझ्या मताला खरा विरोध तिथे होता, कवितेच्या आत, आणि तो शोधायला वेगळा परिच्छेद लागला नाही.

मार्क चांगले आले, सांगायलाच हवं. परीक्षकांनी एंकर-ग्रेनेच्या पानावर बरोबर अशी खूण केलीय आणि निष्कर्षाच्या कडेला प्रश्नचिन्ह काढलंय, म्हणजे सर पूर्ण चुकीचे नव्हते बहुतेक.

घ्यायचा असेल तर पूर्ण पॅकेज घेऊ नका. त्यांचा नुसता फीडबॅकवाला प्लॅन वेगळा मिळतो, वेबसाइटवर खाली लपवलाय, तो घ्या, आणि फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा की मिडल इंग्लिश वाचता येणारं माणूस हवं, नाहीतर पुन्हा तेच "आणखी विस्तार करा". ड्राफ्ट पाठवताना अवतरणं मूळातली द्या, अनुवाद खाली द्या, ओळींचे नंबर टाका. चौथं लेक्चर सुटं मिळत असेल तर ते मात्र नक्की, आणि हेडफोन लावून ऐका. नमुना बँक उघडूच नका. आणि ४८ तास म्हणले की आठवडा धरा, माझा दुसरा ड्राफ्ट सबमिशनच्या आदल्या रात्री साडेअकराला परत आला होता.